हक्काची खोली आणि ब्रह्म

नारायण सुर्वे यांचा पहिला कवितासंग्रह ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आला. या शीर्षकाचे दोन अर्थ चटकन सुचतात: एक, अध्यात्माची थट्टा, दुसरा, गांजलेल्या कामगाराची तक्रार. दोन्ही अर्थ खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. विश्वात आपली जागा कोणती, हा प्रश्न सुर्वे गंभीरपणे विचारतात आणि त्याचे उत्तर मराठी भाषेच्या घडणीतूनच शोधतात, असे मला वाटते.

शीर्षक ज्या चार चरणांतून आले, ते मोठ्या अभंगाच्या मापात आहेत: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. या छंदात दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळावे लागते. सुर्वे तिथे ‘आधार’ला ‘लाचार’ जोडतात. आधार आहे तो विश्वाचा आणि लाचारी आहे ती एका खोलीसाठी. छंदाच्या नियमानेच ही दोन टोके एकमेकांना बांधली गेली आहेत. त्यातले एक सोडून दुसरे घेता येत नाही. चौथ्या चरणात तर ‘हक्क’ या शब्दाला ‘-चिया’ हा ज्ञानेश्वरीच्या मराठीतला प्रत्यय लागतो. अरबीतून आलेला आणि युनियनच्या सभांत घुमणारा हा शब्द संतांच्या व्याकरणात सहज बसतो.

तुकोबाही स्वतःला आकाशाएवढे म्हणतात, पण देहाचा भार उतरवून. सुर्वे देह उतरवू देत नाहीत. देह आहे म्हणून तो टेकायला जागा हवी, आणि जागा हवी म्हणजे भाडे आले. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या मला हा मुद्दा चौरस फुटांत कळतो. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. गिरणगावात अशा एकेका खोलीत गावाकडून आलेले डझनभर गडी पाळीप्रमाणे झोपत. एक पाळीला निघाला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसऱ्याची वळकटी पसरायची. तिथे ‘मी विश्वाचा आधार’ म्हणणे ही निव्वळ बढाई नव्हती. कापड त्याच हातांनी विणले जात होते आणि शहर त्या कापडावर उभे होते.

पण ‘मी कोण?’ हा प्रश्न सुर्वे यांच्यापुढे इतरांहून कठीण रूपात उभा होता. जन्मदात्यांचा पत्ता नसलेल्या या मुलाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले आणि आपले आडनाव दिले. कुळ, गाव, वंश सांगून या प्रश्नातून सुटण्याची सोय या कवीला नव्हती. ते उत्तर त्याला लिहूनच घडवावे लागले. १९६६च्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये तो रस्त्यालाच आपली शाळा म्हणतो, तो याच घडवण्याचा पुढचा टप्पा.

शीर्षकातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘गा’. ते संबोधन आहे. समोर कोणी असल्याशिवाय ते उच्चारता येत नाही. बृहदारण्यक उपनिषदातल्या महावाक्यात ‘मी’ आणि ‘ब्रह्म’ दोघेच आहेत, ऐकणारा नाही. १२९०च्या ज्ञानेश्वरीत कृष्ण अर्जुनाला ‘गा’ म्हणतो, तेव्हा सांगणारा देव असतो. सुर्वे सांगणाऱ्याच्या जागी कामगाराला बसवतात, ऐकणाऱ्याची जागा मात्र राखून ठेवतात. चाळीत एकांत नव्हताच. आत्मचिंतन व्हायचे तेही शेजारी जागा असताना. म्हणून इथला ‘मी’ स्वतःला सापडतो तो दुसऱ्याला सांगता सांगता.

आज बीडीडीच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळणार आहे. तो न्यायच आहे. चाळीचे गोडवे गाऊन तो कमी लेखणे सुर्वे यांना रुचले नसते. १९८२च्या संपात देशोधडीला लागलेले अनेक गिरणी कामगार तर अजून घरासाठी अर्ज घेऊन उभे आहेत, त्यांच्यासाठी चौथा चरण आजही ताजा आहे. ज्यांना खोली मिळाली, त्यांच्यापुढे मात्र पहिला चरण नव्याने उभा राहील. बंद दारांच्या त्या मजल्यांवर ‘गा’ म्हणायचे कोणाला, हे ज्याचे त्याने शोधायचे आहे.