‘कोणी, कोणास, काय?’ : प्रश्नपदांच्या क्रमाचा विचार

मराठी व्याकरणाचा इतिहास सुरतेला अपरिचित नाही. ज्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, ते दादोबा पांडुरंग पुढे याच शहरात अध्यापक होते. १८४४ साली येथे दुर्गाराम मेहताजींसह मानवधर्म सभेच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. ज्या शहरात मराठी मूल गुजराती ऐकत वाढते, तेथे व्याकरणातील एक लहानसा प्रश्न पुन्हा पाहण्याजोगा आहे. एकाच वाक्यात दोन-तीन प्रश्नपदे आली असता त्यांचा क्रम कशाने ठरतो?

वर्गात याचे एक सोपे उत्तर दिले जाते. मराठीत विभक्तिप्रत्यय आहेत, म्हणून क्रम बदलला तरी अर्थ बदलत नाही. हे उत्तर अर्धेच खरे आहे.

‘कोणी कोणास काय दिले?’ आणि ‘कोणास कोणी काय दिले?’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध होत. परंतु एखाद्या लग्नानंतर पहिला प्रश्न विचारला, तर सांगणारा बहुधा देणाऱ्यांची नावे एकामागून एक घेईल. दुसऱ्यास उत्तर देताना घेणाऱ्यांची. आरंभीचे प्रश्नपद उत्तराची मांडणी ठरविते. घटना तीच राहिली, तरी प्रश्न तोच राहिला असे म्हणता येत नाही. ‘काय’ला मात्र एवढी मोकळीक नाही. ‘कोण काय आणणार?’ हे सहज वाटते. ‘काय कोण आणणार?’ म्हणताच कान अडखळतो. आरंभीचे ‘काय’ वस्तूविषयी न विचारता नुसते संबोधन भासू लागते. गुजरातीतही ‘कोणे कोने शुं आप्युं?’ हाच स्वाभाविक क्रम आहे.

प्रत्यय असले की क्रम आपोआप मोकळा होतो, हा समज बल्गेरियन भाषा खोडून काढते. तेथे नामांच्या विभक्ती बहुतांशी लोपल्या. पण ‘कोय’ म्हणजे कोण आणि ‘कोगो’ म्हणजे कोणास, हा सर्वनामांतील भेद टिकला. तेथे सर्व प्रश्नपदे वाक्यारंभी एकत्र येतात : ‘कोय कोगो विद्या?’, म्हणजे कोणी कोणास पाहिले? रूपे इतकी स्पष्ट असूनही ‘कोगो कोय’ हा उलट क्रम सामान्य प्रश्नात चालत नाही.

तात्पर्य, कर्ता कोण आणि कर्म कोणते हे प्रत्यय सांगतो. क्रमाचे काम निराळे आहे. म्हणून विद्यार्थ्याने ‘कोणास कोणी’ असे लिहिले, तर अध्यापकाने तांबड्या शाईची घाई करू नये, आणि ‘कसेही चालते’ असेही सांगू नये. त्यास उत्तरात कोणाची यादी अपेक्षित आहे, एवढेच विचारावे. व्याकरणाचा पाठ तेथूनच सुरू होईल.