मुकी कट्यार, बोलकी कट्यार

आमचे देवगाव फाटा हे गाव नावाप्रमाणेच फाटा आहे. जालन्याहून जिंतूरकडे जाणारी गाडी येथे थांबते, सेलूला जाणारा माणूस येथे उतरतो, चहा पितो आणि पुढच्या वाहनाची वाट पाहत बसतो. येथे नाट्यगृह नाही. तेव्हा संगीत रंगभूमीविषयी येथल्या माणसाने चार शब्द लिहावेत, याचे पुण्यामुंबईच्या वाचकाला थोडे हसू येईल. येऊ द्या, दिवाळीचे दिवस आहेत! पण 'कट्यार काळजात घुसली' या एका नाटकावरून आमच्या घरात जेवढी भांडणे झाली, तेवढी शेताच्या बांधावरूनही झालेली नाहीत, हेही मी सांगून ठेवतो.

भांडणातले दोन पक्ष म्हणजे आमचे काका आणि आमच्या वहिनी. काका तरुणपणी मुंबईला रेल्वेत नोकरीस होते आणि त्यांनी हे नाटक त्याच्या भरात असताना पाहिलेले. वहिनींनी पाहिला तो चित्रपट. सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला, 2015 सालच्या दिवाळीत ऐन पाडव्याला, 12 नोव्हेंबरला, लागलेला. मी मधला. माझ्या वाट्याला प्रथम आली ती कॅसेट. म्हणजे नाटक मी पाहिले त्याच्या कितीतरी आधी ऐकले होते, आणि खाँसाहेबांचा चेहरा मी माझ्या मनानेच तयार केला होता.

ज्यांना कथा ठाऊक नाही अशांसाठी थोडक्यात सांगतो. एका संस्थानात राजगायकाच्या मानासाठी गायनाची स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला राहायला हवेली मिळते आणि एक कट्यार मिळते. त्या कट्यारीने त्याच्या हातून एक खून झाला तरी तो माफ! पंडित भानुशंकरशास्त्री यांच्याकडून हा मान खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्याकडे जातो. पंडितजींचा शिष्य सदाशिव सूड मनात धरून येतो आणि शेवटी त्याच हवेलीत लपूनछपून, शत्रूचेच गाणे कानांत साठवीत राहतो. जुनी हवेली, भिंतीवरचे शस्त्र, चोरून ऐकणारा शिष्य, आणि कलेच्या अहंकाराने पेटलेला गुरू! इंग्रजीत ज्याला 'गॉथिक' म्हणतात, त्या भयगूढ जातीची ही कथा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. नाट्यपदे इतकी गोड आहेत की त्यांच्याखालचा काळोख आपण विसरतो.

पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यांचे हे नाटक 'नाट्यसंपदा'ने 24 डिसेंबर 1967 रोजी रंगभूमीवर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. वसंतराव देशपांडे खाँसाहेब, भार्गवराम आचरेकर पंडितजी, प्रसाद सावकार सदाशिव आणि फैय्याज झरीना. यातली मेख अशी की, नाटकातले गवई हे खरोखरचेच गवई होते. अभिषेकींनी तर एकच पद दोन गायकींत बांधले. पंडितजींच्या घरचे 'घेई छंद' देवघरातल्या समईसारखे तेवते. खाँसाहेबांच्या गळ्यातून तेच शब्द तलवारीच्या पात्यासारखे लखलखत येतात. दोन माणसांतले वैर हे दोन गायकींतले वैर आहे, ही नाटकाची सारी गोष्ट त्या एका पदात कानांना कळून चुकते. त्यासाठी संवादाची गरजच उरत नाही.

आणि ते वसंतराव! 1920 साली आमच्या शेजारच्या वऱ्हाडात, मूर्तिजापूरला जन्मलेला हा माणूस. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकला, लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे शिकला, मास्टर दीनानाथांचे गाणे त्याच्या रक्तात भिनले, आणि एवढे करून कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात आकडेमोड करीत राहिला. कोणत्या एका घराण्याचा, म्हणून त्याला खुर्ची द्यावी, हेच जाणकारांना ठरवता येईना. अशा गायकाच्या वाट्याला, मानासाठी भुकेला असलेला खाँसाहेब यावा, हा योग काही निराळाच. काका म्हणत, "वसंतराव खाँसाहेबांचं काम करत नव्हते. खाँसाहेब वसंतरावांच्या अंगात येत होते."

2015 साली चित्रपटाच्या जाहिराती झळकल्या तेव्हा काकांनी जाहीर केले, की आपण पाहणार नाही. वहिनींनी त्यांना अखेर नातीच्या नावाने जिंकले. "काका, पोरीला कुणीतरी समजावून सांगायला नको का? आम्हाला काय कळतंय त्यातलं?" म्हणाल्या. भाऊबीज झाल्यावर आम्ही सात जण जीप करून परभणीला गेलो.

चित्रपट सुरू झाला आणि कट्यारच बोलू लागली! रीमा लागू यांच्या आवाजात ती आपली हकीकत सांगते. आवाज सुंदर, शब्द नेटके. पण माझ्या मनात पहिली खोट तेथेच उमटली. रंगमंचावर कट्यार मुकी असते. ती नुसती असते. गवई आलापी करीत असतो आणि आपली नजर हळूच तिच्याकडे जाऊन परत येते. आता ती हातात घेतील का, आता का, असे मन विचारीत राहते. हत्यार बोलू लागले की ते घरातल्या आजीसारखे होते. त्याची भीती उरत नाही.

दुसरा फरक याहून मोठा. पडदा उघडल्यावर नाटक जेथे आपल्याला नेऊन बसवते, त्या हवेलीपर्यंत पोचायला चित्रपट बराच वेळ घेतो. पंडितजी मिरजेला खाँसाहेबांचे गाणे ऐकतात, स्वतःच त्यांना संस्थानात घेऊन येतात, मग वर्षानुवर्षे खाँसाहेब हरत राहतात, आणि शेवटी त्यांची बेगम पंडितजींना शेंदूर खाऊ घालून त्यांचा आवाजच घालवते. चित्रपटाला प्रत्येक गोष्टीचे कारण द्यायचे आहे. येथे मी काकांच्या बाजूचा आहे. हेव्याला कारण सापडले की तो लहान होतो. मोठा कलावंत दुसऱ्या मोठ्या कलावंताचा द्वेष का करतो, याचे उत्तर शेंदुराच्या चिमटीत मावावे, हे काही मला पटत नाही.

परंतु वहिनींचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे आणि ते मी येथे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या कॅसेटमध्ये खाँसाहेब हरताना कुठं दिसतात? मला तर त्यांचं ते हरणंच दिसलं." मी निरुत्तर झालो. सचिन पिळगांवकर म्हणजे आमच्या पिढीला 'अशी ही बनवाबनवी'तला हसरा चेहरा. त्या चेहऱ्यावर दर दसऱ्याला दुसऱ्याच्या नावाचा जयजयकार ऐकतानाची जी राख पसरते, ती मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला रंगमंचावर कधी दिसली नसती. कॅमेऱ्याला जवळ जाता येते. हरलेल्या माणसाच्या घरात रात्री काय होते, बायको त्याच्याकडे कशी पाहते, हे चित्रपटाने दाखवले. आणि ज्या बायकांनी आयुष्यभर घरातल्या पुरुषाचा अपमान ताटात वाढून घेतला आहे, त्यांना ते लगेच कळले. वहिनींचे डोळे मध्यंतरात लाल होते.

मध्यंतरात काका काहीच बोलले नाहीत. परत येताना, फाट्यावर उतरून चहा घेतला तेव्हा म्हणाले, "गाणं चांगलं आहे. चित्रं तर फारच देखणी. पण मला भीती वाटली नाही."

हे वाक्य तेव्हा मला म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटले. पुढे पुष्कळ दिवस मी त्याचा विचार करीत होतो. खून माफ असलेली कट्यार समोर असून भीती वाटू नये, म्हणजे काका भीती तरी कशाला म्हणत होते? पुण्याला मी या नाटकाचा नव्या संचातला प्रयोग पाहिला होता. 2010 साली ते पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब झाले. त्या प्रयोगात एका जागी त्यांनी तान अशी काही वर नेली की सारे प्रेक्षागृह खुर्चीच्या कडेवर आले. समेवर येतात की नाही? आले! आणि मग जो श्वास सुटला तो हजार माणसांचा एकदम सुटला. काकांची भीती ही होती. आजच्या रात्री, या क्षणी, हा गळा फाटू शकतो. स्पर्धेची गोष्ट सांगणाऱ्या नाटकात गायक खरोखरच पणाला लागलेला असतो, आणि न्याय देणारे आपण असतो.

चित्रपटात तो निकाल आधीच लागलेला असतो. तान ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कधीच समेवर येऊन गेलेली असते. आपल्याला दिसतात ते माना डोलावणारे दरबारी, आणि त्यांच्या मानेवरून आपण ओळखायचे की कोण जिंकले. सचिन यांच्या ओठांतून राहुल देशपांडे गातात. सदाशिव झालेल्या सुबोध भावे यांच्या ओठांतून अभिषेकींचे शिष्य महेश काळे. गाणे अस्सल आहे यात शंकाच नाही. एकाकडे नातवाचा वारसा, दुसऱ्याकडे शिष्याचा, आणि महेश काळे यांना त्यातल्या 'अरुणि किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांना धक्का न लावता नव्या चाली दिल्या, हेही सोपे काम नव्हे. पण माझा मुद्दा चित्रपटानेच सिद्ध केला आहे. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन आहेत. अभिनयात नवखे, पण गातात ते स्वतःच्या गळ्याने. ते गाऊ लागले की मानेची शीर, पापणी, हाताचे बोट सारेच गाते. शेजारी कितीही कसलेला नट असो, त्या घटकेला पडदा त्यांचा होतो.

हा तंटा केवळ आमच्या फाट्यावरचा नाही. गास्तों लरू या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवरून अँड्र्यू लॉइड वेबर यांनी केलेले 'द फँटम ऑफ द ऑपेरा' हे संगीत नाटक लंडनला 9 ऑक्टोबर 1986 रोजी सुरू झाले. न्यूयॉर्कला ते 1988 पासून 2023 पर्यंत चालले. तेथेही नाट्यगृहाच्या तळघरात राहणारा, मुखवटा घातलेला एक उस्ताद आहे आणि चोरून दिलेली गाण्याची तालीम आहे. त्याचा चित्रपट 2004 साली निघाला आणि तेव्हापासून तिकडच्या रसिकांत दोन तट आहेत. तिकडे भांडणाचे मूळ झुंबर. रंगमंचावर पहिल्या अंकाच्या शेवटी ते प्रेक्षकांच्या डोक्यावरून खाली येते. चित्रपटाने ते उचलून शेवटाकडे नेले. कथेच्या दृष्टीने ते सोयीचेही असेल. पण पडद्यावरचे झुंबर पडद्यावरच्याच माणसांवर पडते. आपल्या डोक्याला त्यापासून काही धोका नसतो! गंमत अशी, की या आवाजाच्या कथेवरचा सर्वांत गाजलेला जुना चित्रपट, 1925 सालचा लॉन चेनी यांचा, मूकपट होता. आणि तो पाहून लोक दचकत. पडद्याला भीती दाखवताच येत नाही असे मी म्हणत नाही. त्याने स्वतःची भीती शोधली पाहिजे, कट्यारीच्या चित्रपटाने ती खाँसाहेबांच्या घरात, त्या हरलेल्या रात्रींत शोधली होती. दरबारात आल्यावर मात्र तो निव्वळ देखणा झाला.

एक गोष्ट मात्र काकांनाही कबूल करावी लागली. चित्रपट पाहून आलेली त्यांची नात दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना 'सूर निरागस हो' गुणगुणत होती. माझ्या कॅसेटने वीस वर्षांत घरातल्या एकाही मुलाला गायला लावले नव्हते. काकांनी तिला हाक मारली, मांडीशी बसवले आणि 'घेई छंद' म्हणायला सांगितले. तिने चित्रपटातल्यासारखे म्हटले. मग त्यांनी कॅसेट लावली. "आता यांच्यामागं म्हण," म्हणाले. पोर मागोमाग धावली, दुसऱ्या तानेलाच तिचा आवाज चिरकला आणि ती शरमून आईकडे पळाली. काका तिच्यामागे ओरडले, "अगं ये, ये! वन्स मोअर!"

काका आता नाहीत. ती मुलगी सेलूला गाणे शिकायला जाते. संध्याकाळच्या गाडीने फाट्यावर उतरते. वहिनी अजूनही चित्रपटाच्याच बाजूच्या आहेत, आणि दिवाळीत फराळाचे करताना तो लावतात. माझ्या कॅसेटची फीत सैल झाली आहे, वसंतराव अर्ध्या सुराने खाली उतरले आहेत. परवा मुलीने ते ऐकून लगेच सांगितले, "बाबा, पट्टी चुकतेय."