'विधिसंघर्षग्रस्त' : एका संज्ञेची शक्ती आणि मर्यादा

१९८६ च्या बाल न्याय अधिनियमात अपराध केल्याचे सिद्ध झालेल्या अल्पवयीनास 'डेलिन्क्वंट' असे विशेषण होते. २००० च्या अधिनियमाने ते टाकून 'कायद्याशी संघर्षात आलेला' अशी शब्दयोजना केली आणि २०१५ च्या अधिनियमाने तीच 'बालक' या पदाला जोडली. बालकाविषयीच्या कार्यवाहीत आरोपवाचक शब्द वापरू नयेत, हे तर या अधिनियमाच्या कलम ३ मधील एक मूलभूत तत्त्वच आहे. शब्दही जखम करू शकतो, याची ही विधिमान्य कबुली होय.

मराठीत या संज्ञेसाठी 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा प्रतिशब्द रूढ झाला. मूळ इंग्रजी संज्ञा केवळ स्थिती सांगते. 'ग्रस्त' हे उत्तरपद मात्र पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या मालिकेतील आहे. बालक संकटाने ग्रासलेले आहे, असे हा समास मुळापेक्षा अधिक सांगून जातो. आघाताची जाण ठेवणाऱ्या शुश्रूषेचा गाभाही हाच आहे. अमेरिकेतील 'साम्सा' या शासकीय संस्थेने २०१४ मध्ये मांडलेल्या रूपरेषेत आघाताची व्याप्ती जाणणे, त्याच्या खुणा ओळखणे, त्यानुसार व्यवहार बदलणे आणि पुन्हा आघात होऊ न देणे, या चार गोष्टी अपेक्षिल्या आहेत. 'तू काय केलेस?' या प्रश्नात मूल कर्ता असते. 'तुझ्यावर काय ओढवले?' या प्रश्नात ते कर्ता नसते. दृष्टीतील पालट व्याकरणातच दिसतो.

तथापि पूरग्रस्ताला कोणी पुराचा जाब विचारीत नाही. 'ग्रस्त' या पदाने मुलाचे कर्तृत्व, आणि त्याबरोबर उत्तरदायित्वही, पुसले जाण्याचा संभव आहे. म्हणून दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत. मात्र दुसरा आधी विचारल्यावाचून पहिल्याचे खरे उत्तर क्वचितच मिळते.

याहून मोठी उणीव अशी की, संज्ञा बदलली तरी विधेये बदलतातच असे नाही. मार खात वाढलेले मूल चढा आवाज ऐकताच गप्प होते, नजर चुकवते किंवा अंगावर धावून जाते. या भयाच्या प्रतिक्रिया असू शकतात. अहवालात त्यांची नोंद 'उद्धट आहे', 'पश्चात्ताप नाही' अशी झाली, तर निंद्य शब्द वगळूनही निंदा उरते. तिचे परिणाम किरकोळ नसतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या बालकावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असता, कलम १५ नुसार बाल न्याय मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करते. त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालावा की नाही, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. तेथे मौनाचा अर्थ चुकीचा लावणे म्हणजे मुलाचे भवितव्य चुकीचे लिहिणे होय.

निरीक्षणगृहातील लेखनाची सुधारणा म्हणूनच नामांपाशी थांबू नये. 'उद्धट आहे' हे स्वभावविधान आहे; 'प्रश्न दुसऱ्यांदा मोठ्याने विचारल्यावर मान खाली घालून गप्प राहिला' हे निरीक्षण आहे. पहिल्याने दार बंद होते. दुसऱ्याने पुढे विचारण्यास जागा राहते.