नरहर कुरुंदकर : वक्तृत्वाची कीर्ती आणि लेखनाचे मूल्यमापन

प्रस्तावना : मराठवाड्याच्या सांस्कृतिक जीवनात व्याख्यानाला विशेष प्रतिष्ठा आहे. त्यामागे ऐतिहासिक कारण आहे. निजामी राजवटीत १९२९ च्या ‘गश्ती क्रमांक ५३’ अन्वये जाहीर सभांवर निर्बंध होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर व्यासपीठ मोकळे झाले आणि नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) हे या मोकळ्या व्यासपीठाचे श्रेष्ठ वक्ते ठरले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य होते. १० फेब्रुवारी १९८२ रोजी तत्कालीन औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. नांदेड-लातूर परिसरातील प्राध्यापकवर्गात त्यांच्याविषयी आठवणी भरपूर सांगितल्या जातात. परंतु वक्त्याची ही कीर्ती लेखकाच्या मूल्यमापनास बाधक ठरते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

भाषण आणि संहिता : येथे रोमन मुत्सद्दी व वक्ता सिसेरो (इ.स.पू. १०६-४३) याचे उदाहरण उद्बोधक ठरते. व्हेरीसविरुद्धच्या खटल्यातील त्याच्या भाषणांचा मोठा भाग न्यायसभेत कधी उच्चारलाच गेला नाही. आरोपी रोम सोडून गेल्यावर सिसेरोने तो लिहून प्रसिद्ध केला. अँटनीविरुद्धचे त्याचे दुसरे भाषणही असेच न केलेले आहे. म्हणजे आपण ज्याला सिसेरोचे वक्तृत्व म्हणतो, ते बऱ्याच अंशी त्याने स्वतः सिद्ध केलेले लेखन होय. सिसेरो कॉन्सल होता. कुरुंदकरांनी सत्तापद भूषविले नाही. हा भेद मान्य करूनही एक गोष्ट स्पष्ट होते : वक्ता टिकतो तो संहितेमुळे.

कुरुंदकरांच्या संहितेत व्यासपीठ कसे उतरले आहे? रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ची त्यांची प्रस्तावना पत्ररूप आहे. समोर श्रोता आहे असे गृहीत धरूनच विवेचन पुढे सरकते. शिवाजी महाराजांचे मोठेपण केवळ लढाया जिंकण्यात नव्हते. त्यांच्या पश्चात जनता औरंगजेबाशी दीर्घकाळ झुंजत राहिली, यात ते आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. रूढ समजूत आधी मांडावयाची, तिचे बळ मान्य करावयाचे आणि मग तिची अपूर्णता दाखवावयाची, ही पद्धती ‘जागर’ व ‘शिवरात्र’ यांतील वैचारिक लेखांतही आढळते. श्रोत्याला जिंकण्यापेक्षा त्याला विचारास प्रवृत्त करणे हे तिचे उद्दिष्ट आहे.

मर्यादा : तथापि याच पद्धतीचे दोषही नोंदविले पाहिजेत. सभेत शोभणारे ठाम विधान कागदावर पुराव्याची मागणी करते. कुरुंदकरांच्या अनेक लेखांत संदर्भांचा तपशील नसतो. पुनरुक्ती श्रोत्याला उपकारक असते, वाचकाला मात्र ती जाणवते. शिवाय ‘मनुस्मृती’वरील पुस्तकासारखे व्याख्यानांवर आधारलेले लेखन आणि लेखनासाठीच सिद्ध केलेली समीक्षा यांना एकच निकष लावणे न्याय्य नाही.

समारोप : आदरापोटी ही चिकित्सा टाळणे म्हणजे कुरुंदकरांच्याच विवेकनिष्ठ भूमिकेशी विसंगत वागणे होय. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता विरळ होत आहे. अशा वेळी व्याख्यानजन्य व लिखित संहिता वेगळ्या करणे, त्यांतील विधानांना आधार शोधणे आणि जेथे ते चुकले तेथे तसे स्पष्ट म्हणणे, हे मराठवाड्यातील मराठी व इतिहास विभागांचे काम आहे. आठवणी सांगणारे गेल्यावर कुरुंदकर उरतील ते ग्रंथांतच. ते ग्रंथ वर्गात तपासून वाचले गेले, तरच त्यांचे व्यासपीठ मोकळे राहील.