तिकडचं आणि आपल्याकडचं : मार्च १८८६, फिलाडेल्फिया

दोन देशांतल्या जगण्याची तुलना हा आजचा विषय. तो फार मोठा आहे, म्हणून मी तो एका शहरापुरता आणि एका महिन्यापुरता आवळून घेतलाय. शहर फिलाडेल्फिया, महिना मार्च १८८६.

त्याआधी थोडं घरचं सांगते. माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. दर रविवारी फोन होतो आणि दर रविवारी आमची तीच जुगलबंदी चालते. तो म्हणतो, "मावशी, इथे सिग्नलला कुणी हॉर्न वाजवत नाही." मी म्हणते, "अरे, पण तुझ्या दाराची बेल तरी कुणी वाजवतं का?" (हशा) हसण्यावारी जातं खरं. पण गेलं वर्षभर त्याच्या मनात एक गोष्ट घोळतेय, आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, कायमचं तिकडे न्यायचं का? आणि आमचं घोडं नेमकं या तुलनेवरच अडलंय. 'तिकडचं' आणि 'आपल्याकडचं' याशिवाय आम्हाला दुसरे शब्दच सापडत नाहीत. म्हणून मी ही जुनी पुस्तकं पुन्हा उघडली.

तर मार्च १८८६. फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजचा पदवीदान समारंभ ११ तारखेला झाला. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. वय पुरतं एकवीसही नाही. समारंभाला त्यांचे यजमान गोपाळराव हजर होते, आणि इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईही हजर होत्या. एकाच समारंभाला तीन मराठी माणसं. तिघांनीही अमेरिका आपल्या देशाशेजारी ठेवून पाहिली. पण तिघांचं पाहणं अगदी वेगळं होतं. माझं म्हणणं असं की आजही आपण तुलना करतो ती या तिघांपैकी एकाच्या पद्धतीने करतो, आणि त्यातली एकच पद्धत उपयोगी पडते.

पहिले गोपाळराव. यांच्यावर आपण फार सोपा राग काढतो. हट्टी, विक्षिप्त, बायकोला छळणारे, असं. त्यात तथ्य आहेच. पण हेही लक्षात घ्या, की बायकोच्या शिक्षणासाठी त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली, तेव्हा धर्मांतराची अपेक्षा पुढे आली होती. मनात तो सल असणारच. पुढे ते अमेरिकेत पोहोचले आणि तिथे त्यांनी व्याख्यानं दिली. त्यांत अमेरिकन चालीरीतींवर, मिशनऱ्यांवर सडकून टीका होती. यजमान मंडळी दुखावली. आता गंमत बघा. जो माणूस घरी असताना आपल्या समाजाला उठताबसता शिव्या घालत होता, तोच परक्या देशात जाऊन त्या समाजाचा वकील झाला. हे आपल्या ओळखीचं आहे की नाही? पुण्यात असताना पुण्याला नावं ठेवणारा माणूस परदेशात गेला की दोन महिन्यांत पुण्याचा राजदूत होतो. अशा तुलनेत समोरचा देश दिसतच नाही. कुणीतरी आपल्याला कमी लेखलं होतं, त्याची परतफेड तेवढी होते. 'आमचंच बरं' आणि 'तिकडचंच बरं' ही दोन्ही वाक्यं एकाच जातीची, कारण दोन्हींमध्ये निकाल आधी लागलेला असतो आणि पुरावे मागाहून गोळा केले जातात.

दुसऱ्या आनंदीबाई. १८८३ साली, निघण्यापूर्वी, त्यांनी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, इंग्रजीत भाषण केलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही त्यांनी त्या भाषणात दिली. ती त्यांनी पाळली. पण पाळायची म्हणजे काय, याचा हिशोब शरीराला द्यावा लागला. कल्याणला जन्मलेली मुलगी. कल्याण साधारण एकोणीस अक्षांशावर, फिलाडेल्फिया चाळीसवर. तिथल्या जानेवारीत पारा गोठणबिंदूच्या आसपास घुटमळतो. त्या थंडीत साडी नेसायची, शाकाहार सांभाळायचा, हातानं रांधायचं आणि वैद्यकाचा अभ्यास करायचा. नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. मला ही बारीकशी गोष्ट फार बोलकी वाटते. ना इकडचं, ना तिकडचं. थंडीनं आणि संकोचानं मिळून सुचवलेला तो तोडगा होता.

प्रकृती तर भारतात असल्यापासूनच बरी नव्हती. ती तिकडे ढासळत गेली. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या, कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक ठरलेली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांच्या अस्थी पुढे अमेरिकेत त्यांच्या मानलेल्या मावशीकडे, मिसेस कार्पेंटर यांच्याकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी इथे त्यांचं दफन झालं.

आनंदीबाईंनी तुलनेचं पुस्तक लिहिलं नाही. त्यांची पत्रं आहेत. पण त्यांच्या आयुष्याकडून एक प्रश्न शिकावा लागतो. देश चांगला की वाईट, हे कुणाच्या शरीराला विचारायचं? तरण्या इंजिनिअरच्या की क्षयरोग जडलेल्या मुलीच्या? हवामान हे पर्यटकासाठी दृश्य असतं. राहणाऱ्यासाठी ते कपडे, जेवण, एकटेपणा आणि औषधं असतं.

आणि तिसऱ्या रमाबाई. समारंभासाठी आलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत फिरल्या, भाषणं केली, बालशिक्षणाची फ्रेबेल पद्धत शिकल्या. आणि १८८९ साली मराठीत पुस्तक आलं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. नावातला क्रम पाहा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. मी काय पाहिलं हे नंतर. लोक कसे राहतात हे आधी. राज्यव्यवस्था, घरं, शिक्षण, धर्मपंथ, स्त्रियांची स्थिती, व्यापार, अशी प्रकरणं आहेत. अमेरिकेला आपल्याकडची माणसं पाताळ म्हणत, तो शब्दही त्या घेतात आणि त्याच पाताळाची नीट मोजणी करायला बसतात.

या पुस्तकाची ताकद कशात आहे? माझ्या मते दोन गोष्टींत.

पहिली म्हणजे, रमाबाईंच्या तराजूला दोन नाहीत, तीन पारडी आहेत. भारत, अमेरिका आणि इंग्लंड. इंग्लंडमध्ये त्या तीन वर्षं राहून आल्या होत्या. तिथे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकवताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली होती. ज्या देशाचं राज्य आपल्यावर आहे त्याच्याशीच तुलना केली की 'ते वरचे, आपण खालचे' हा जिना पक्का होतो. तिसरा देश मध्ये आला की जिना मोडतो. अमेरिका हा इंग्लंडचं राज्य झुगारून उभा राहिलेला देश. त्याचं कौतुक मराठीत करणं म्हणजे न बोलता काय बोलणं होतं, हे १८८९ च्या वाचकाला कळत असणार.

दुसरी गोष्ट, त्या विचारतात : हे झालं कसं? आपण सहसा विचारतो, तिकडे काय आहे? उदाहरण याच कॉलेजचं घेऊ. १८५० साली ते निघालं. आपण म्हणतो, बघा, आपल्याकडे मुलींना लिहायला शिकवण्यावरून दगड मारत होते तेव्हा तिकडे बायकांचं मेडिकल कॉलेज होतं. बरोबर. पण बायकांचं वेगळं कॉलेज का काढावं लागलं? कारण पुरुषांच्या कॉलेजांची दारं त्यांना बंद होती म्हणून. १८६९ साली याच कॉलेजच्या विद्यार्थिनी फिलाडेल्फियाच्या मोठ्या इस्पितळात तासाला गेल्या, तर पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. आनंदीबाईंच्या पदवीच्या आधी फक्त सतरा वर्षं. आणि मद्रासच्या मेडिकल कॉलेजने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता; त्या युरोपीय घरांतल्या होत्या हे खरं, पण दिला. हार्वर्डच्या मेडिकल स्कूलने कधी दिला? १९४५ साली! आता सांगा, कोण पुढे आणि कोण मागे?

म्हणजे जी गोष्ट आपण 'तिकडची संस्कृती' म्हणून पाहतो, ती तिकडच्याच कुणीतरी तिकडच्याच लोकांशी भांडून मिळवलेली असते. रमाबाईंना हे नेमकं दिसलं. म्हणून स्त्रियांच्या प्रकरणात त्या अमेरिकन पुरुषांच्या औदार्याचे गोडवे गात नाहीत. स्त्रियांनी संस्था कशा बांधल्या, हे तपशिलात सांगतात. गुलामगिरी कायद्याने गेली तरी काळ्या माणसांबद्दलचा तिरस्कार गेला नाही, मूळ रहिवाशांवर अन्याय झाला, हेही त्या लिहितात. मराठीत याला पूर्वपीठिका आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ सालचं 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केलं होतं. फुले अमेरिकेला गेले नव्हते. पण तिकडच्या झगड्याशी आपल्या झगड्याची गाठ बांधायची, ही तुलनेची रीत त्यांनी आधीच घालून दिली होती.

आता पुस्तकाची उणी बाजू. ती सांगितली नाही तर मीही गोपाळरावांसारखी वकिली केल्यासारखं होईल. रमाबाईंचा वावर मुख्यतः सुधारक, प्रोटेस्टंट, सुखवस्तू घरांत होता. पाहुण्याला यजमानाच्या खिडकीतून देश दिसतो. त्याच १८८६ च्या मे महिन्यात शिकागोत आठ तासांच्या कामासाठी संप पेटला होता, हे-मार्केटला बॉम्ब फुटला, माणसं मेली. त्या अमेरिकेचा ताप या पुस्तकाच्या अंगात फारसा उतरत नाही. आणि समृद्धीचं श्रेय त्या लोकांच्या उद्योगीपणाला आणि स्वातंत्र्याला भरभरून देतात. मला वाटतं, इथे भूगोल निसटतो. एवढी सुपीक, अफाट जमीन हाताशी होती, आणि ती कुणाकडून तरी घेतलेली होती. अन्यायाची नोंद एका पानावर आणि समृद्धीची दुसऱ्या पानावर राहते. दोन्ही पानं एकमेकांना हवी तेवढी भेटत नाहीत.

तरीही हे पुस्तक मला तिघांच्या पद्धतींत सर्वांत उपयोगी वाटतं, कारण रमाबाई परत येताना निकाल घेऊन आल्या नाहीत, काम घेऊन आल्या. बोस्टनमध्ये १८८७ साली त्यांच्या कामासाठी संस्था स्थापन झाली होती, तिने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं, आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवांसाठी शाळा आणि घर. तिकडे पाहिलेली संघटनेची रीत इकडच्या गरजेला लावून पाहिली. तुलना खरी होती की खोटी, याची परीक्षा तिथे झाली.

मग माझ्या बहिणीचं काय? या वाचनानंतर मी भाच्याला हॉर्न आणि बेल सोडून वेगळं विचारलं. बर्फ पडल्यावर आई चार महिने घराबाहेर कशी पडेल? तिला गाडी चालवता येत नाही. तुमच्या वस्तीत पायी कुठे जाता येतं? आजारपणाचा विमा कुणाच्या नावे? आणि स्वतःलाही विचारलं : इथे तिच्या दाराची बेल वाजते म्हणतो आपण, गेल्या महिन्यात ती नक्की किती वेळा वाजली? मी बहिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "दूधवाला धरायचा का?" (हशा)

त्या उत्तराने माझी बाजू बरीच लंगडी झाली, हे कबूल करते. निर्णय अजून झालेला नाही, आणि तो तिचा आहे. पण गेले दोन रविवार फोनवर आम्ही अमेरिका आणि भारत यांच्याबद्दल बोललोच नाही. तिच्याबद्दल बोललो. थांबते.