एस्तामिने : गुत्ता की खानावळ?

टी. एस. एलियटची ‘जेरॉन्शन’ (१९२०) ही कविता ‘द वेस्ट लँड’च्या आधीची पायरी म्हणून वाचली जाते. ती त्या काव्याची प्रस्तावना म्हणून छापावी असे खुद्द एलियटच्याही मनात होते. एझरा पाउंडने त्याला परावृत्त केले. मला इथे तिच्यातला एकच शब्द तपासायचा आहे : एस्तामिने. कवितेचा निवेदक एक म्हातारा आहे. तो राहतो त्या मोडकळीला आलेल्या घराचा मालक ज्यू आहे, आणि हा मालक अँटवर्पच्या कुठल्याशा एस्तामिनेत पैदा झाला, असे म्हातारा सांगतो. मुळातले क्रियापद माणसाच्या जन्माचे नाहीच. मासे-बेडूक अंडी घालतात, त्याचे ते आहे.

या ओळींतल्या ज्यूद्वेषावर पुष्कळ लिहिले गेले आहे. अँथनी ज्युलियस यांचा १९९५चा ग्रंथ तर त्याच विषयाला वाहिलेला आहे. ‘ज्यू’ हा शब्द आधी लहान अक्षराने छापला जाई, त्याला १९६३च्या संग्रहात मोठे अक्षर मिळाले, याचीही चर्चा झाली. एस्तामिनेचा अर्थ मात्र ‘हलक्या दर्जाचा कॅफे’ एवढा सांगून वाचक पुढे जातो. माझा आक्षेप या ‘हलक्या’ला आहे.

उत्तर फ्रान्स आणि बेल्जियम हा या शब्दाचा मुलूख. व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. वालून बोलीत त्याचा संबंध गोठ्याशी, गोठ्यातल्या खांबाशी जोडतात, आणि मला ते पटण्यासारखे वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये जिथे धूम्रपानाला मुभा आहे असा कॅफे, असाही त्याचा अर्थ होता. म्हणजे जागा साधी, गरिबांची. पण बदनाम नव्हे.

इंग्रजीत हा शब्द प्रवाशांच्या लेखनातून आधीच आला होता, तरी सामान्य इंग्रजाच्या तोंडी तो बसला १९१४ ते १९१८च्या महायुद्धात. खंदकांतून चार दिवस मागे आलेला शिपाई गावातल्या एस्तामिनेत शिरे. बऱ्याचदा ती राहत्या घराचीच पुढची खोली असे : मध्ये लोखंडी शेगडी, भोवती लाकडी बाकडी. नवरा आघाडीवर गेलेला, म्हणून सगळा व्याप बाईच्या अंगावर. ती अंडी आणि बटाट्याचे तळलेले काप करून वाढी. बियर पातळ. पांढरी वाइन मागताना शिपाई ‘व्हँ ब्लाँ’ची जी मोडतोड करीत, तिच्यातूनच इंग्रजीतला ‘प्लाँक’ हा शब्द आला असे मानतात. संपले, आता काही उरले नाही, या अर्थाच्या फ्रेंच वाक्याचे त्यांनी ‘नापू’ केले, आणि पुढे मेलेल्या सोबत्यालाही तोच शब्द लावला. ब्रॉफी आणि पार्ट्रिज यांनी १९३०मध्ये ही शिपाईभाषा कोशात गोळा केली. एडमंड ब्लंडनच्या ‘अंडरटोन्स ऑफ वॉर’ (१९२८)मध्येही एस्तामिने भेटतात. तिथे चढ्या भावाची कुरकूर होई, भांडणे होत, झिंगणे होई. म्हणून तर पॉपेरिंगला पाद्री क्लेटन यांनी १९१५च्या डिसेंबरात टॅलबट हाउस उघडले, ते दारूविना विसावा मिळावा म्हणून. पण ऊब म्हणजे काय, हे त्या पिढीला एस्तामिनेने शिकवले होते.

आता पुन्हा कविता पाहा. आपण कुठल्याही लढाईत नव्हतो, हे म्हातारा सुरुवातीलाच सांगून टाकतो. आणि हाच न लढलेला माणूस लढलेल्यांच्या जिभेवरचा शब्द उचलतो, तो मालकाचा जन्म घाणीतला ठरवण्यासाठी. एलियट १९१०-११मध्ये पॅरिसला राहिला होता, त्याला हा शब्द शिपायांकडून घ्यायची गरज नव्हती, असे कोणी म्हणेल. कबूल. पण १९२०चा इंग्रज वाचक तो कुठून ओळखत होता? शिवाय अँटवर्प ऑक्टोबर १९१४पासून युद्ध संपेपर्यंत जर्मनांच्या ताब्यात होते. त्या काळात तिथल्या एस्तामिनेत ब्रिटिश शिपाई अंडी खायला बसणे शक्यच नव्हते. हिऱ्यांच्या व्यापाराचे, ज्यू वस्तीचे हे बंदर निवडले की शब्दातली शेगडी विझते आणि नुसता ओंगळपणा उरतो. ही निवड मला सहज घडलेली वाटत नाही. ती म्हाताऱ्याची की कवीची, हा वाद चालू राहील. मी ती दोघांच्याही खात्यावर मांडतो.

मराठी अनुवादकाची खरी पंचाईत इथे आहे. ‘गुत्ता’ हा शब्द चटकन सुचतो, ओळीत बसतोही झकास. पण गुत्ता म्हटले की आपल्या कानाला आधीच वास येतो, आणि म्हाताऱ्याचे काम आपणच करून ठेवतो. ‘खानावळ’ पोटभर आहे, पण तिथे प्याला नाही आणि महिन्याचा हिशेब आहे. ‘कॅफे’ फारच इस्त्रीचा. मी एस्तामिने तसाच ठेवीन आणि तिरस्काराचा सगळा भार ‘पैदा झाला’वर पडू देईन; मुळातही तो तिथेच आहे. तळटीप द्यावीच लागली तर तिच्यात लोखंडी शेगडी, तळलेले बटाटे आणि नवऱ्याच्या पत्राची वाट पाहणारी ती बाई, एवढे तरी यावे.