पटकथा, पडदा आणि बदललेला शेवट

नाटकाची संहिता निराळी आणि प्रयोग निराळा, हा भेद मराठी रसिकांस नवा नाही. प्रयोग न पाहताही आपण गडकऱ्यांची नाटके वाचतो आणि त्यांवर वाद घालतो. पटकथेच्या वाट्यास मात्र असा मान क्वचितच येतो. चित्रपट पुरा झाला की तिचे प्रयोजन संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नोरा एफ्रन यांनी लिहिलेली आणि रॉब रायनर यांनी दिग्दर्शित केलेली 'व्हेन हॅरी मेट सॅली' (१९८९) ही अमेरिकन सुखात्मिका या समजुतीचा फेरविचार करावयास लावते.

कथावस्तू साधी आहे. शिकागोहून न्यूयॉर्ककडे एकाच मोटारीतून निघालेले हे दोन तरुण पदवीधर. स्त्रीपुरुषांत निखळ मैत्री संभवत नाही, असे हॅरी म्हणतो. सॅलीस ते मान्य नाही. हा वाद पुढे बारा वर्षे चालतो.

या वादाला पडद्यावर जी धार आली, तिच्यात अनेकांचा वाटा आहे. उपाहारगृहातील प्रसिद्ध प्रसंगात स्त्रिया शृंगारसुखाचे सोंग वठवितात, हे सॅलीने केवळ बोलून न दाखविता भरल्या उपाहारगृहात करूनच दाखवावे, ही सूचना अभिनेत्री मेग रायन यांची. शेजारच्या मेजावरील बाईचे शेवटचे मिस्कील वाक्य नायक बिली क्रिस्टल यांनी सुचविले, आणि ते उच्चारले दिग्दर्शकाच्या मातोश्री एस्टेल रायनर यांनी. मुद्दा पटकथेचा, नटांनी त्याला कृतीचे रूप दिले. अशा भरीने संहितेचे काही बिघडत नाही.

शेवटाची गोष्ट वेगळी. एफ्रन यांच्या आरंभीच्या मसुद्यांत ही दोघे एकत्र येत नाहीत. चित्रपटात त्यांचे लग्न होते. रायनर यांचा पहिला विवाह मोडलेला होता. चित्रीकरणाच्या काळात मिशेल सिंगर त्यांच्या आयुष्यात आल्या, आणि त्यामुळेच शेवट बदलला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. वरिष्ठांची लेखणी फिरली की मसुद्यातील मूळ मुद्दा कसा हरवतो, हे आम्हां कारकुनांस वेगळे सांगावयास नको. येथेही तसेच झाले काय?

वरवर पाहता झाले आहे. लग्न झाल्याने हॅरीचा पक्ष खरा ठरतो आणि सॅलीचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. परंतु नववर्षाच्या पूर्वसंध्येचे हॅरीचे निवेदन लक्षपूर्वक ऐकावे. तो तिच्या रूपाचे गोडवे गात नाही. साधे सँडविच मागविण्यास तिला लागणारा दीड तास, इतरांस उबदार वाटणाऱ्या हवेत तिला भरणारी हुडहुडी, अशा बारीकसारीक गोष्टी तो मोजून सांगतो. त्या त्याला ठाऊक झाल्या त्या प्रियकर म्हणून नव्हेत, अनेक वर्षांचा मित्र म्हणून. मागविण्याची ही खोड मुळात एफ्रन यांची स्वतःचीच होती. तीच त्यांनी पटकथेत आधीपासून पेरून ठेविली होती. शेवट दिग्दर्शकाने फिरविला असेल; तो पटावा एवढी सामग्री लेखिकेने अगोदरच सिद्ध केली होती.

म्हणून सुखान्त ही केवळ प्रेक्षकानुनयाची तडजोड होय, हे मत आम्हांस मान्य नाही. मूळ शेवट अधिक कठोर झाला असता हे खरे. परंतु त्यात मैत्रीही गेली असती आणि प्रीतीही. चित्रपटात मैत्री हाच प्रीतीचा पुरावा ठरतो, आणि सॅलीचा पक्ष तेवढ्यापुरता राखला जातो. ही पटकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेली आहे. चित्रपट पाहिलेल्या वाचकांनीही ती एकदा अवश्य वाचावी.